काळा चौकोन

१

आमच्या घरात रेंज येत नाही. घर खाली, ओढ्याच्या अंगाला आहे. फोनवर बोलायचं तर वर शेततळ्याच्या बांधावर जावं लागतं. माझी बहीण अक्षदा रोज दुपारी दोन वाजता वही, मोबाईल आणि पाण्याची बाटली घेऊन बांधावर जायची. तिथं एक करंजाचं झाड आहे, त्याच्या सावलीत बसायची.

ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. बारावीला ती फक्त केमिस्ट्रीत राहिली, चार मार्कांनी. तिच्यासारखीच राहिलेली तिघं तिनं मोबाईलवर गोळा केली होती. पेठची श्रेया, बेल्ह्याचा स्वराज आणि मंचरची चेतना. चौघं एकमेकांना कधी भेटलेली नव्हती. रोज दोन ते चार व्हिडिओ कॉल लावायची आणि एकेक भाग एकमेकांना समजावून सांगायची. फेरपरीक्षा तोंडावर होती.

त्यांचा एक नियम होता, तोही ताईनंच केलेला. एकजण सांगत असताना बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचा. ज्याला कळलं नाही त्यानं काही बोलायचं नाही, नुसता माइक चालू करायचा. मग सांगणाऱ्यानं काही न विचारता तो भाग पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. सगळ्यांना कळल्याशिवाय पान उलटायचं नाही.

"नापास माणसाला 'मला कळलं नाही' म्हणायची लई लाज वाटती रे," ताई मला म्हणाली होती. "तुला कशी वाटंल? तू आठवीतच सुटलास."

मी आठवीतून शाळा सोडली. पिकअप चालवतो. आमच्या बोरी गावातल्या शेतकऱ्यांचे टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावला लिलावाला नेतो.

जूनच्या पहिल्या मंगळवारी ताई तळ्यात पडली. तळ्याला काळं प्लॅस्टिक अंथरलेलं आहे. ते ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही आणि हातही ठरत नाही. ताईला पोहता येत होतं, पण तिथं पोहण्याचा काही उपयोग नसतो. साडेचारला आई तिला चहाला बोलवायला वर गेली. बांधावर वही आणि चपला होत्या. वस्तीवरचे सोपानकाका कमरेला दोर बांधून आत उतरले आणि त्यांनी तिला काढलं. मोबाईल सापडला नाही.

त्या दिवशी दोन पस्तीसला तिचा मला फोन आला होता. लिलाव चालू होता. मी तो कापला. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. माझ्या फोनमधून ती नोंदही पुसून टाकली.

आई रोज एकच विचारायची. भाकरी थापताना, चूल सारवताना, मधेच हात थांबवून.

"तिनं कुणाला हाक मारली असंल का रे?"

"न्हाई आई. लगेच झालं असंल."

"लगेच व्हतं का रे असं?"

मी उठून बाहेर जायचो. मला एवढंच हवं होतं, की आईला ते कधी कळू नये.

२

तेरावा झाला. त्यानंतरच्या सोमवारी मी बेल्ह्याला बाजारात होतो. बैलांच्या दावणींमधून पिकअप पुढं सरकत नव्हती. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"भरतदादा का? मी श्रेया, पेठची. अक्षूच्या ग्रुपमधली."

मी हं म्हणालो.

"दादा, राग मानू नका. अक्षूच्या मोबाईलवरनं तुमच्या घरचं कुणीतरी आमचा कॉल ऐकतं ना, त्यांनी ऐकावं. आम्हाला बरंच वाटतं. फक्त तेवढा माइक बंद ठेवायला सांगा. परीक्षा बारा दिवसांवर आलीय आणि आम्ही एकाच पानावर अडकलोय."

"कुणाच्या मोबाईलवरनं?"

"अक्षूच्या. रोज दोनला येतं कुणीतरी. चारला जातं."

मागून एक माणूस बोनेटवर थाप मारून ओरडला, "ओ पिकअप! घे की पुढं. झोपला का राव?"

"तिचा मोबाईल तळ्यात हाय," मी म्हणालो. "ती पडली तवापासनं."

बैलाच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या.

"मग कुणीतरी काढला असंल, दादा," ती हळू म्हणाली.

"असंल," मी म्हणालो.

आणि मग माझ्या लक्षात आलं. मोबाईल कुणाकडे चालू असेल, तर त्यात मला केलेला फोनही असेल. तो माणूस आज ना उद्या तो मोबाईल माझ्या आईच्या हातात आणून ठेवणार.

३

तळ्यात उतरलेला माणूस एकच होता. मी बाजारातून सरळ सोपानकाकांच्या रानात गेलो. ते ठिबकच्या नळीतला कचरा तोंडानं फुंकून काढत बसले होते. मी जाऊन त्यांची कॉलर धरली.

"काका, मोबाईल द्या."

"कुठला मोबाईल?"

"ताईचा. गुमान द्या, न्हाईतर..."

"न्हाईतर काय करशील? सोड आधी. शर्ट फाटंल, तुझी काकू मला मारंल."

मी सोडलं नाही. मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"भरत, माझ्या हातात तुझी बहीण व्हती रे. दुसरं काय धरायला मला हात कुठं व्हते?"

मी कॉलर सोडली. खाली ढेकळात बसलो. काका पण शेजारी बसले. त्यांनी नळी गुंडाळून ठेवली.

"मोबाईल तळाला गेला असंल. पायथ्याच्या कोपऱ्यात. घसरत घसरत सगळं तिथंच जातं." मग म्हणाले, "तिच्या बोटांना नखं न्हवती. तिचे हात म्या लगेच टॉवेलात गुंडाळले. तुझ्या आईला म्या सांगितलं न्हाई. तूबी सांगू नको."

म्हणजे लगेच झालं नव्हतं. काकांनाही ते माहीत होतं. आता आम्ही दोघं आईपासून लपवणारे झालो.

४

मंगळवारी मी क्रेट नेले नाहीत. पावणेदोनला बांधावर जाऊन बसलो आणि श्रेयाला सांगितलं, मला पण कॉलमध्ये घ्या.

माझ्या फोनवर चौकोन उघडले. श्रेया, दोन वेण्या, मागं देवाचं कॅलेंडर. स्वराज गोठ्यात बसलेला. चेतना गादीच्या पलंगावर. आणि माझा चौकोन.

"भरतभाऊ, आमच्यात नापास असल्याशिवाय घेत नाय," स्वराज म्हणाला.

"मी आठवीतच राहिलोय."

"मग तुमी आमचे सीनियर झाला की."

चेतना हसली आणि लगेच गप्प झाली. पाचवा चौकोन आला होता. काळा. खाली ताईचं नाव.

"कोण हाय?" मी ओरडलो. "कोण हाय रे तिकडं?"

काही नाही. माइकच्या चित्रावर आडवी रेघ होती, म्हणजे माइक बंद.

"पप्पांचं मोबाईलचं दुकान आहे," चेतना म्हणाली. "मी त्यांना विचारलं. ते म्हणतात ॲप दुसऱ्या कशावर उघडं राहिलं असेल, तर असं दिसू शकतं. लॅपटॉप वगैरे."

"आमच्याकडं कुठला लॅपटॉप?"

"नाही, पप्पा म्हणतात तसं."

स्वराजनं घसा खाकरून सुरुवात केली. ऑस्मॉसिस. मला त्यातलं काही कळणार नव्हतं, पण तो चांगला सांगत होता. मनुका घ्यायचा. पाण्यात टाकायचा. मनुक्याची साल पाण्याला आत सोडते, पण आतली साखर बाहेर सोडत नाही. जिकडं साखर जास्त तिकडं पाणी शिरतं. शिरतच राहतं. मग मनुका फुगतो, साल ताणली जाते.

मला ताईचा चेहरा आठवला. तिला ओट्यावर ठेवली होती तेव्हाचा. मी फोन खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

"कळलं का सगळ्यांना?" स्वराजनं विचारलं.

काळ्या चौकोनातली आडवी रेघ गेली. माइक चालू झाला.

आधी नुसती खरखर. मग पाणी कशावर तरी हळू आपटत असल्याचा आवाज. मग प्लॅस्टिकची फडफड, दोनदा.

"पुन्हा सांगतो," स्वराज म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "एक मनुका घ्यायचा."

मी तळ्याकडं बघत होतो. पलीकडच्या बाजूला प्लॅस्टिकचा एक कोपरा मातीतून निघालाय, तो वाऱ्यावर उडतो. वारा आला. कोपरा फडफडला, दोनदा.

आवाज तोच होता. पण फोनमध्ये तो आधी आला होता आणि तळ्यावर नंतर.

मी माझा माइक तपासला. बंद होता. मला वाटलं माझंच ऐकण्यात चुकलं असेल. दुसऱ्यांदा माइक चालू झाला तेव्हा मी फक्त त्या कोपऱ्याकडं बघत राहिलो. फोनमध्ये एकदा फडफड. मग गप्प. मी मनात चार आकडे मोजले. कोपरा एकदा उडाला आणि खाली पडला.

त्या दिवशी स्वराजनं मनुका नऊ वेळा सांगितला. चारला काळा चौकोन आपोआप गेला.

"पान उलटून टाका की सरळ," मी म्हणालो.

तिघांनीही मान हलवली, नाही म्हणून. मग स्वराज म्हणाला, "एकदा उलटलं व्हतं. माइक चालूच राहिला. मी कॉल कट केला, मोबाईल बंद केला, तरी खिशातनं पाणी ऐकू येत व्हतं. म्हशीनं दूध दिलं नाय त्या दिवशी. आता आमी उलटत नाय."

५

थोड्या वेळानं श्रेयानं मला एकट्याला फोन केला. ती रडत होती.

"दादा, एक सांगायचंय. त्या मंगळवारी आम्ही कॉलवर होतो. स्वराज हेच पान सांगत होता. अक्षूचा कॅमेरा बंद होता, रेंज कमी होती म्हणून. अडीचच्या सुमाराला तिनं माइक चालू केला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आम्हाला वाटलं तिला कळलं नाही. स्वराज म्हणाला, पुन्हा सांगतो. त्यानं सांगितलं. तिनं परत चालू केला. तो परत म्हणाला. पाच वेळा, दादा. पाच वेळा तिनं माइक चालू केला आणि आम्ही तिला मनुका सांगत बसलो."

"ओरडली असंल ना ती?"

"आवाज तुटत होता. पाण्याचा आवाज येत होता, आम्हाला वाटलं बाटली. मग ती कॉलमधून गेली. चेतना म्हणाली, रेंज गेली असेल. आम्ही पान उलटलं." तिला पुढं बोलता येईना. "मी नापास झाले तर घरचे माझं लग्न ठरवणार आहेत. तरी मी तेच पान ऐकतेय रोज. ऐकायलाच पाहिजे ना?"

ताई कॉलमधून का गेली ते मला माहीत होतं. एका फोनवरून दोन कॉल होत नाहीत. ती तिथून निघाली ती मला फोन करायला. हे मी त्या क्षणी श्रेयाला सांगायला हवं होतं. तिच्या डोक्यावरचं थोडं ओझं कमी झालं असतं.

मी म्हणालो, "तुमी मारली तिला. तिघांनी मिळून."

आणि फोन ठेवून दिला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी थ्री फेज लाईट आल्यावर मी मोटर चालू केली, आणि टोमॅटोकडं जाणारा पाइप काढून ओढ्याकडं सोडला.

दहा मिनिटांत अण्णा, माझे वडील, पळत आले. दीड एकर टोमॅटो त्या तळ्यावर होता आणि विहीर एप्रिलमध्येच आटली होती.

"डोकं फिरलं का तुझं? कुठं सोडतोस पाणी?"

"ताईचा मोबाईल काढायचाय."

"मोबाईलपायी प्लॉट जाळतोस?" त्यांनी स्टार्टरकडं हात नेला.

तेवढ्यात आई वर आली. तेराव्यानंतर ती पहिल्यांदाच बांधावर येत होती. तळ्याकडं पाठ करून उभी राहिली.

"जाऊ द्या पाणी," ती म्हणाली. "मोबाईल सापडला तर कळंल ना, तिनं कुणाला फोन केला व्हता का? कुणीतरी नीट करून दील. दुकानात करत्यात नीट."

अण्णांनी हात मागं घेतला. करंजाखाली बसले आणि बराच वेळ गवताच्या काड्या उपटत राहिले.

मी आईला म्हणालो, "दील की. मी देतो नीट करून."

मोबाईल सापडल्याबरोबर दगडानं फोडायचा, हे माझं ठरलेलं होतं.

पाणी उतरायला तीन दिवस लागले. लाईट असेल तेवढा वेळच मोटर चालायची. रोज दोनला मी कॉल लावायचो. श्रेया माझ्याशी बोलत नव्हती, पण मला काढलंही नाही. काळा चौकोन यायचा. मनुका पाण्यात पडायचा. माइक चालू व्हायचा. पाणी कमी होत गेलं तसा चौकोनातला पाण्याचा आवाजही कमी होत गेला. शेवटी फक्त ठिबकल्यासारखं ऐकू यायचं.

आणि उताराचं प्लॅस्टिक उघडं पडत गेलं. त्यावर हिरवं, बुळबुळीत शेवाळ होतं. शेवाळात ओरखडे होते. चार चार बोटांचे, वरून खाली घसरलेले. एका ठिकाणी नव्हते, तळ्याच्या चारही बाजूंना होते. ती सगळीकडून प्रयत्न करत फिरली होती.

अण्णा ते बघून खाली निघून गेले. मी एकटा बघत राहिलो. जूनच्या उन्हात शेवाळ दोन दिवसांत वाढतं. ती जाऊन जवळपास तीन आठवडे झाले होते. ओरखडे भरून यायला हवे होते. एकही भरला नव्हता. त्यांच्या कडा ताज्या होत्या.

७

शनिवारी दुपारी तळाला घोट्याएवढा गाळ उरला. मी करंजाला दोर बांधला आणि त्याला धरून उतरलो. नवा, कोरडा नायलॉनचा दोर होता, पिकअपमधला. खाली प्लॅस्टिक इतकं तापलं होतं की वास मारत होतं. वरचं आभाळ चौकोनी दिसत होतं. ओढ्याचा, रस्त्याचा, कशाचाच आवाज खाली येत नव्हता.

काका म्हणाले तसा मोबाईल कोपऱ्यात होता. गाळात उभा रुतलेला. मी तो शर्टला पुसला. काच फुटलेली, मागचं झाकण बॅटरी फुगल्यामुळं उघडलेलं. आतून गाळ गळत होता. बटण दाबलं. तो चालू होणं शक्य नव्हतं, हे आठवी शिकलेल्यालाही कळत होतं.

मला हसू आलं. संपलं, मला वाटलं. आईला दाखवता येईल आणि त्यातून काही निघणारही नाही. फोडायची पण गरज नव्हती.

माझ्या खिशातला फोन वाजला. दोन वाजले होते. ग्रुपचा कॉल.

मी उचलला. श्रेया, स्वराज, चेतना. मी उजव्या हातात माझा फोन धरला होता आणि डाव्या हातात तिचा, मेलेला. आणि काळा चौकोन आला. खाली तिचं नाव.

"हा बघा," मी मेलेला मोबाईल कॅमेऱ्यासमोर धरला. "हा माझ्या हातात हाय."

चेतनानं तोंडावर हात ठेवला. स्वराजनं वही उघडली होती, ती तशीच राहिली. त्यानं मनुक्याचं नावही काढलं नाही. तरी चौकोनातली रेघ गेली. माइक चालू झाला.

गाळातून कुणीतरी पाय काढतंय, असा आवाज आला. मी हललेलो नव्हतो.

"पुन्हा सांग," श्रेया कुजबुजली. ती स्वराजला म्हणत होती.

पण मला कळलं होतं. कुणी सांगायचं राहिलंय ते मला कळलं होतं.

"ताई," मी म्हणालो. "त्या दिवशी मला रेंज नव्हती."

माइक बंद झाला. आणि लगेच पुन्हा चालू झाला.

"बरं. रेंज व्हती. तुझा फोन आला. लिलाव चालू व्हता म्हणून मी कापला."

बंद. चालू. आता पाय काढल्याचा आवाज जवळून आला. फोनमधून आला की गाळातून, ते मला सांगता येणार नाही. मी मागं बघितलं नाही.

"तू परत केलास," मी म्हणालो. माझे दात वाजत होते, त्या उन्हात. "दुसऱ्यांदा मी उचलला. तू 'भरत, दोर' एवढंच म्हणालीस. मला ऐकू आलं व्हतं. आठ दिवस तू माझ्या मागं लागली व्हतीस, तळ्याला दोर बांध, तळ्याला दोर बांध म्हणून. मला वाटलं तू परत तेच सांगतीस. शेजारची पोरं हसत व्हती. मी म्हणालो, ताई, किती किरकिर करतीस, बांधतो उद्या. आणि फोन बंद करून खिशात टाकला. दोन तास बंद ठेवला."

तिघंही ऐकत होते. श्रेयाचे डोळे उघडेच्या उघडे होते.

माइक बंद झाला.

मी वाट बघितली. रेघ तशीच राहिली. एक मिनिट झालं असेल. मला वाटलं, तिला कळलं. खरंच मला तसं वाटलं आणि मी रडायला लागलो.

मग काळा चौकोन उजळला.

एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. त्यात तळं दिसलं, वरून. गाळात एक माणूस उभा होता, पाठमोरा, लहान. तो मी होतो. चित्राच्या एका बाजूला करंजाचं खोड होतं, अगदी जवळ. त्याला बांधलेला दोर हलत होता. खोडावर काहीतरी टेकलेलं होतं. बोटं असतील. बोटांचे शेंडे नीट दिसत नव्हते.

चौकोन गेला. कॉलमध्ये चौघंच राहिलो.

"दादा," श्रेया म्हणाली, "ती वर..."

मी वळलो. बांधावर कुणी नव्हतं. दोर माझ्यापासून चार हातांवर लोंबत होता आणि अजून हलत होता. मी जाऊन धरला. तो खालपासून वरपर्यंत ओला होता.

८

मी कसा चढलो ते मला आठवत नाही. हातांची कातडी सोलली होती. वर मोटर बंद होती, अण्णा प्लॉटच्या टोकाला पाठमोरे बसलेले दिसत होते. घराकडं उतरणाऱ्या पायवाटेवर मधेमधे ओलं होतं, आणि उन्हानं ते कडेकडेनं वाळत चाललं होतं.

मी पळालो. दोनदा पडलो. तिचा मोबाईल वाटेत कुठं टाकला ते माहीत नाही.

दार लावलेलं होतं. दिवसा आमच्याकडं कुणी दार लावत नाही. मी ढकललं. आतून कडी होती.

"आई."

आत आई बोलत होती. हळू. एखादी गोष्ट ऐकताना मधेमधे हुंकार देतात तशी.

"हं," ती म्हणत होती. "मग?"

मी दाराला कान लावला. दुसरा आवाज मला ऐकू आला नाही. फक्त शेणानं सारवलेल्या जमिनीवर थेंब पडत होते.

"हं. मग गं?"

"आई, दार उघड!" मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "आई, मी सांगतो. मी सांगतो तुला सगळं. दार उघड."

"थांब जरा, भरत," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा आवाज घरच्यासारखा, निवांत होता. "ती सांगतीय ना."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"हं," आई आत म्हणाली. "मग? कुणाला केलास फोन?"

थेंब पडत राहिले. त्यानंतर आईनं हुंकार दिला नाही.